संतापताईचं पेज

ताईचा राग नाकावर असतो असं सगळे म्हणायचे. ते काही खरं नव्हतं. तिचा राग कानात होता. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप ती कानाशी धरायची, टिचकी मारायची आणि ऐकायची. खणखणीत वाजला तर उजवीकडच्या फळीवर, बद्द वाजला तर डावीकडे. आणि डावीकडचे सगळे त्याच तासात लाकडी मोगरीनं फोडायचे. उद्यावर ठेवायचं नाही, एवढंसंच तर आहे म्हणून कुणाला फुकटातही द्यायचं नाही. नियम दादांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. वाईट भांडं घरात राहिलं की हात गुपचूप त्याची नक्कल करायला लागतात, असं ते म्हणायचे. पुढे दादांची पाठ गेली, चाक ताईकडे आलं, आणि दादा मांडणीशेजारी बुटक्या स्टुलावर बसून माती मळायला लागले. फोडायचं कामही ताईकडेच आलं. दादा ते मान खाली घालून करत. ताईला मुकाट्यानं फोडता येत नसे. ती कपाला बोलायची, स्वतःला बोलायची, मातीला, भट्टीला आणि समोर जो असेल त्याला बोलायची.

समोर बहुतेक वेळा धाकटी असायची. धाकटी म्हणजे ताईची जाऊ. आवाज कधी चढायचा नाही, बोलणं असं की साखरेत घोळून काढलेलं. चाकावर तिचा हात बसला नाही, पण जगाला आपल्या कपांची खबर नाही याचं दुःख घरात सगळ्यांत जास्त तिलाच. म्हणून तिनं पेज काढलं होतं. ‘मातीची माया’ असं त्याचं नाव. रोज सकाळी दहाला एक फोटो टाकायचा, असा तिचा नेम. पांढऱ्या चादरीवर कप, खिडकीतलं ऊन, शेजारी एखादं पान. खाली दोन हळव्या ओळी. तीन वर्षं तिनं एक दिवस चुकवला नाही. तीन वर्षांनी पेजला दोनशे बारा माणसं होती आणि त्यातली निम्मी नात्यातली. उरलेली बहुधा चुकून आली होती.

ताईनं ते पेज कधी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. तिला वाटायचं, कप चांगला असेल तर माणूस शोधत येईल. माणसं येत नव्हती, हेही तिला दिसत होतं. पण त्याचा दोष ती माणसांना द्यायची.

मग एका भट्टीला कान वाकडे झाले. चाळीस कपांपैकी एकतीस कपांचे कान भाजताना खाली ओघळले. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं मोगरी उचलली आणि पंधरा मिनिटं थांबली नाही. “हा कान आहे? याला कान म्हणायचं? गाढवा, तुला धरणार कुठून?” असं एकेका कपाला विचारत तिनं एकतीसही फोडले. शेवटी दमून खाली बसली आणि म्हणाली, “आणि लोक म्हणतात, मातीत मन रमतं. रमवा म्हणावं, या इकडे.”

धाकटी सुपलीनं खापऱ्या भरायला आली होती. तिच्या दुसऱ्या हातात फोन होता.

चार दिवसांत तो व्हिडिओ सहा लाख लोकांनी पाहिला.

ताईला सांगितलं तेव्हा ती आधी चिडली, मग तिनं तो बघितला, मग पुन्हा बघितला. खोटं कशाला बोला, तिला आवडला. खाली लोकांनी लिहिलं होतं: अशी माणसं उरली नाहीत. कामात खोट चालत नाही म्हणजे काय, ते इथं बघा. एकानं लिहिलं होतं, यांचा कप मला हवा, कारण जो माझ्यापर्यंत येईल तो या बाईच्या कानाखालून गेलेला असेल. ताईनं ते वाक्य दादांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दादा माती मळत होते. “बरोबर लिहिलंय,” एवढंच म्हणाले.

मागणी अशी आली की तीन महिन्यांच्या भट्ट्या आगाऊ विकल्या गेल्या. धाकटीनं पेजचं नाव बदललं. ‘मातीची माया’ गेली आणि ‘संतापताई’ आली. ती बारीक अभ्यास करणारी बाई होती. कोणत्या वाक्याला किती जण हसले, कुठं बघायचं सोडून दिलं, सगळं वहीत लिहायची. त्यातून तिला कळलं की कप दिसला की लोक पुढे सरकतात, ताई ओरडली की थांबतात. त्यातही ‘गाढवा’ला थांबतात. मग खोक्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापून आल्या: ‘गाढवा, कप असा धरतात?’

“हे कुणाला विचारून छापलंस?” ताईनं विचारलं.

“तुमचंच वाक्य आहे, ताई.”

“मी ते तुझ्या नवऱ्याला म्हटलं होतं. त्यानं खरंच कप पाडला होता.”

“तेच लोकांना आवडतं,” धाकटी गोड हसून म्हणाली. “खरेपणा.”

माणसं आता शोधत येऊ लागली होती, पण कप घ्यायला आल्यासारखी वाटत नव्हती. दारात उभी राहायची, मुद्दाम ओल्या भांड्याला बोट लावायची आणि डोळे मिचकावत ताईकडे बघायची. ताई ओरडली की टाळ्या. ताई गप्प बसली की हिरमुसायची. एक जोडपं लांबून आलं होतं, लग्नाचा वाढदिवस म्हणून. त्यांना ताईकडून दोघांना एकत्र ओरडून घ्यायचं होतं.

ते एक वेळ चाललं असतं. खरी पंचाईत दुसरीच झाली. मातीची पोती घेऊन येणारा टेम्पोवाला बारा वर्षांचा ओळखीचा. एका सकाळी त्यानं टेम्पो मागे घेताना वाळायला ठेवलेल्या फळीवर चाक घातलं. अठरा वाट्या सपाट. ताई बाहेर धावली आणि त्याला जे बोलायचं ते बोलली. पूर्वी हा माणूस तिच्या एका नजरेनं खाली उतरून हात जोडायचा. आता तो खिडकीतून वाकला, त्यानं फोन वर धरला आणि म्हणाला, “ताई, तेवढं परत एकदा म्हणा ना. बायको तुमची फॅन आहे.”

ताई तशीच उभी राहिली. तिला आणखी राग आला, आणि तो बाहेर काढला तर तोही हा माणूस घरी घेऊन जाणार, हे तिच्या लक्षात आलं. आपल्याच घरात आपलं तोंड बंद झालं, असं तिला वाटलं. टेम्पोवाला हसत हसत गेला. वाट्यांबद्दल तो एक शब्द बोलला नाही, आणि पुढच्या खेपेला टेम्पो त्यानं पुन्हा तसाच मागे घेतला.

तिनं धाकटीला सांगितलं, बंद कर हे. धाकटीनं तेव्हा पहिल्यांदा मान वर करून उत्तर दिलं. आवाज तसाच मऊ, पण शब्द मोजून आणलेले.

“तीन वर्षं मी तुमच्या कपांचे फोटो काढले, ताई. ऊन यायचं म्हणून एकेका कपासाठी तासभर खिडकीत बसले. तुम्ही एक तरी बघितलात का?”

ताईनं चाकावरची ओली माती खरवडायला घेतली.

“लोकांनीही बघितला नाही. मग लोकांना जे बघायचंय ते मी दाखवते. यात माझं काय चुकलं?”

वाद तिथंच राहिला. पेजही राहिलं. दर दुसऱ्या शनिवारी भट्टी उघडायची आणि लोकांनी बघायला यायचं, असं धाकटीनं ठरवून टाकलं. ताई नाही म्हणाली नाही. मनात कुठंतरी धाकटीच्या त्या प्रश्नाची लाज होती, आणि कुठंतरी, हेही खरं, टाळ्यांची सवय झाली होती.

अशा तिसऱ्या शनिवारी भट्टी फार छान निघाली. साठ नग. ताई एकेक कानाशी धरत होती आणि एकेक वाजत होता. उजवीकडची फळी भरली, दुसरी लावली, तीही भरली. डावीकडे काही नाही. इतकी स्वच्छ भट्टी चार-पाच वर्षांत एखादी लागते. दादांनी तर माती मळायची थांबवून तिच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. पण समोर वीस-पंचवीस माणसं फोन धरून उभी होती आणि कंटाळायला लागली होती. एक जण घड्याळ बघत होता.

धाकटी कानाशी येऊन कुजबुजली, “एखाद्यात काहीतरी असेलच, ताई. एकच.”

हातात जो कप होता तो ताईनं पुन्हा वाजवला. तोंड वाकडं केलं. “हा आवाज आहे? गाढवा, घसा बसलाय का तुझा?” आणि मोगरी घातली. लोक खूष झाले.

सगळे गेल्यावर दादा गुडघ्यावर हात टेकत उठले आणि झाडू घेऊन आले.

“तो खणखणीत होता,” ते म्हणाले.

“तुम्ही मला शिकवू नका.”

“मी कशाला शिकवू. ऐकू मलाही येतं, एवढंच.”

त्यांनी खापऱ्या भरल्या आणि नेऊन टाकल्या. ताई दिवसभर भांडायला निमित्त शोधत राहिली. त्यांनी ते दिलं नाही. खोटं फोडलेल्या कपाचा राग कुणावर काढावा, हे तिला कळेना, आणि स्वतःवर काढायचा तर स्वतःला मोगरी घालता येत नाही.

त्यानंतरच्या भट्टीच्या शनिवारी चाळीस माणसं आली. कामाच्या खोलीत वीस मावतात. भट्टीपासून मांडणीपर्यंत माणसंच माणसं. मांडणी म्हणजे भिंतीला टेकून ठेवलेली उंच लाकडी चौकट, पाच फळ्यांची, वरपर्यंत भांड्यांनी भरलेली. तिच्या पायथ्याशी नेहमीप्रमाणे दादा स्टुलावर बसले होते, समोर मातीचा गोळा. लोकांचे पाय त्यांच्या खांद्याला लागत होते. त्यांना आत जाऊन बसा म्हणायला हवं, असं ताईच्या मनात आलं. पण भट्टी उघडली होती, दोन्ही हातांत जाड मोजे आणि मोज्यांत गरम ताटली. आधी ही ठेवू, मग सांगू.

लाल टोपी घातलेल्या एका माणसाला मागून दिसेना. त्यानं मांडणीच्या सगळ्यांत खालच्या फळीवर पाय ठेवला आणि वर चढला. एका हातानं चौकट धरली, दुसऱ्यानं फोन उंच केला.

ताईनं ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पाहिलं. चौकट भिंतीपासून बोटभर सुटली.

“उतर खाली,” ती ओरडली. “ए, उतर. मांडणी पडतेय.”

लोक हसले. सुरुवात झाली म्हणून पुढचे मागे वळले आणि त्यांनी फोन ताईकडे धरले.

“अरे मांडणी धरा. कुणीतरी धरा ती. खाली माणूस आहे.”

आणखी हसले. लाल टोपीवाल्यानं तिला हात हलवून दाखवला. चौकट आता हातभर पुढे आली होती आणि वरच्या फळीवरचे वाडगे सरकायला लागले होते.

“गाढवा, उतर,” ताई किंचाळली, आणि त्या शब्दाला, तिला तो शब्द आयुष्यभर पुरेल, अख्ख्या खोलीनं टाळ्या वाजवल्या. दोन-तीन जणांनी तर तिच्या मागोमाग एका सुरात म्हटलं, गाढवा.

ती ताटली टाकून गर्दीत घुसली, पण गर्दी तिला वाट देत नव्हती. जो तो तिच्याबरोबर आपला फोटो येतो का ते बघत होता. एवढ्या चाळीस माणसांत तिच्या आवाजावर एकच माणूस उठला. दादांनी तो आवाज ओळखला होता. ते स्टुलावरून उठायला लागले, गुडघा अर्ध्यात अडकला, आणि त्यांनी उजवा हात वर केला. मांडणी त्या हातावर आली.

धाकटी मांडणीपासून दोन पावलांवर उभी होती. एका हातात फोन होता. दुसरा हात रिकामा होता. ती हसत होती. भांडी फुटण्याचा आवाज थांबला तेव्हाही ते हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं होतं, कारण ते पुसायचं तिला सुचलंच नाही.

हॉस्पिटलात दुपारचे तीन वाजले होते. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं, गळ्याजवळचं हाडही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. माती मळता येईल का, असं ताईनं विचारलं. डॉक्टरांनी आधी तिच्या हातातल्या मोज्यांकडे बघितलं, जे तिनं अजून काढले नव्हते, आणि मग म्हणाले, बघू. चौसष्ट वर्षांच्या हाताला डॉक्टर ‘बघू’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, ते समजायला शिकलेलं असावं लागत नाही.

बाकावर ताई एका टोकाला आणि धाकटी दुसऱ्या टोकाला बसली होती. मध्ये तिसरं कुणी बसलं नव्हतं.

“मला वाटलं,” धाकटी म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, “मला वाटलं, तुम्ही व्हिडिओसाठी ओरडताय.”

 वीस वर्षं एका घरात. हिच्या बाळंतपणात ताई हिच्यावर ओरडली होती, म्हणून ही वेळेवर हॉस्पिटलात पोचली होती. तेव्हा हिला बरोबर कळला होता तो आवाज.

एक्स-रेच्या खोलीतून एक माणूस बाहेर आला. दोन पावलं पुढे गेला, थबकला, मागे वळला. चेहरा फुलला.

“तुम्ही त्याच ना? संतापताई? माझी मुलगी रोज बघते हो तुम्हाला.” त्यानं खिशातून फोन काढलासुद्धा. “फक्त एकदा ‘गाढवा’ म्हणा. तिचं नाव घेऊन म्हटलंत तर फारच छान.”

ताईनं तोंड उघडलं. जे काही बोलू ते याला हवंच आहे, हे तिला दिसत होतं. शिवी दिली तर तो मुलीला दाखवणार, रडलं तर तेही दाखवणार. तिनं तोंड मिटलं.

धाकटी उठली. वीस वर्षांत जिचा आवाज शेजारच्या खोलीत गेला नव्हता ती बाई त्या माणसाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि ओरडली, “ठेव तो फोन. आत माणूस पडलाय आमचा. हात मोडलाय त्याचा. तुला हसायचंय? ठेव म्हणते ना खाली.”

 त्या माणसाचा चेहरा पांढरा पडला. सॉरी, सॉरी मॅडम, असं पुटपुटत तो फोन खिशात कोंबत निघाला आणि वळूनही न बघता गेला.

हा राग खरा आहे, यावर त्यानं एका वाक्यात विश्वास ठेवला. धाकटीचा राग कोरा होता, एकदाही न वापरलेला, लगेच चालला. ताईला त्या क्षणी तिचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला याचा भयंकर राग आला. माझा आवाज सगळ्या जगाला वाटून टाकला आणि स्वतःचा कसा झाकून ठेवला होता हिनं, नवा कोरा.

धाकटी परत येऊन बसली. या वेळी थोडी जवळ. तिला वाटलं असावं की आपण काहीतरी फेडलं.

“ताई,” ती अगदी हळू म्हणाली, “तुम्ही माझ्यावर रागावलाय ना? म्हणजे, खरंच?”

ती मस्करी करत नव्हती. तिला खरोखर कळत नव्हतं. ती ताईचा चेहरा नीट बघत होती, दुकानात माणूस वस्तू उलटीसुलटी करून बघतो तशी, आणि तिला ठरवता येत नव्हतं.

ताईनं शब्द शोधले. मूर्ख होता, तो तीन व्हिडिओंत होता. बिनडोक, दोनदा. अक्कल कुठं गहाण ठेवलीस, ते तर पेजच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. ‘गाढवा’ खोक्यांवर होता. राग काढायला माणसाकडे जेवढे शब्द असतात तेवढे सगळे लोक घेऊन गेले होते, आणि आता जो उचलावा त्यावर टाळ्या चिकटलेल्या होत्या. ताईनं मोजे काढले. एक काढला, मग दुसरा. मांडीवर ठेवले.

आतलं दार उघडलं. नर्सनं कागद बघत विचारलं, “मांडणीखाली सापडलेले ते पेशंट, त्यांच्याबरोबर कोण आहे? एकालाच आत येता येईल.”

दोघी एकदमच उठल्या.

“मी त्यांची बायको,” ताई म्हणाली. मग ती धाकटीकडे वळली. आवाज चढवला नाही. शेजारच्या बाकावरच्या माणसालाही ऐकू गेलं नसतं इतक्या हळू ती म्हणाली, “तू आत यायचं नाहीस.”

धाकटीनं काही विचारलं नाही. ती खाली बसली.